शटडाउनमध्ये एलसीए अडकला आणि आय-९४ संपला, तर एच-१बीचं एक्स्टेन्शन वाचतं का?

आधी शब्द: शटडाउन म्हणजे निधी मंजूर न झाल्याने अमेरिकी सरकारचं कामकाज थांबणं. एच-१बी हा कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा. एलसीए म्हणजे त्यासाठी कंपनीने लेबर डिपार्टमेंटकडून मंजूर करून घ्यायचा पगार आणि कामाच्या अटींचा अर्ज. आय-९४ म्हणजे अमेरिकेत राहण्याची मुदत दाखवणारी नोंद. आता उत्तर: वाचू शकतं, पण आपोआप नाही. उशिरा अर्ज केल्याची माफी मागावी लागते आणि ती कागदांनी सिद्ध करावी लागते. शिवाय ती माफी उशिराची असते, मधल्या काळात केलेल्या कामाची नव्हे. तुम्ही लिहिलंय की कंपनीची सगळी तयारी झाली होती, पण १ ऑक्टोबर २०२५ ला एलसीए भरायचं पोर्टल बंद पडलं आणि महिनाअखेरीस आय-९४ संपत होता. त्यात हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

आधी अडतं कुठे ते पाहू. यूएससीआयएस, म्हणजे व्हिसाच्या मुदतवाढीचे अर्ज तपासणारं अमेरिकी सरकारी खातं, मुख्यतः अर्जदारांच्या फीवर चालतं, त्यामुळे शटडाउनमध्येही ते पिटिशन (कंपनीने भरलेला अर्ज) घेत राहतं. पण एच-१बीच्या पिटिशनला मंजूर एलसीए जोडावा लागतो, आणि तो देणारं लेबर डिपार्टमेंट अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेल्या निधीवर चालतं. निधी थांबला की एलसीए भरायचं त्यांचं फ्लॅग हे ऑनलाइन पोर्टल बंद. २०१८-१९ चं शटडाउन ३५ दिवस चाललं तरी एलसीए मिळत होते, कारण लेबरचा वर्षभराचा निधी आधीच मंजूर झाला होता. २०२५ मध्ये तसं झालं नाही. फ्लॅग १ ऑक्टोबरपासून बंद होतं ते ३१ ऑक्टोबरला उघडलं. शटडाउन १२ नोव्हेंबरला संपलं. म्हणून शटडाउनची बातमी आली की लेबरचा निधी मंजूर आहे का, एवढं आधी बघा.

उशिराच्या माफीची तरतूद संघीय नियमावलीच्या शीर्षक ८ मध्ये, कलम २१४.१(सी)(४) मध्ये आहे. विलंब असाधारण आणि हाताबाहेरच्या कारणामुळे झालेला हवा, आणि तो त्या कारणाच्या मानाने जास्त नसावा. बाकी स्टेटस (व्हिसाच्या अटी) तुम्ही नीट पाळलेलं असावं आणि तुमच्यावर हद्दपारीची कारवाई चालू नसावी. उशिराचं मुख्य कारण शटडाउन असेल तर ते असाधारण मानू, असं यूएससीआयएसने २०२५ मध्ये जाहीरही केलं होतं. पण निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतो आणि एक्स्टेन्शन नाकारलं तर त्यावर अपील नाही. म्हणूनच फाइल भक्कम लागते.

‘शटडाउन होतं’ एवढ्या एका ओळीवर भागत नाही. मुदतीच्या आधीच तुमची तयारी झाली होती हे दिसलं पाहिजे: एलसीएचा मसुदा, वकिलाशी झालेल्या तारखेसकटच्या ईमेल, कंपनीत लावलेली एलसीएची नोटीस. पोर्टल बंद असल्याच्या सूचनेचे तारीख दिसणारे स्क्रीनशॉट जोडा. आय-९४ संपायच्या दिवसाचा स्क्रीनशॉट तर हवाच. पोर्टल उघडल्यावर एलसीए लगेच भरल्याची पावती आणि तो मंजूर झाल्याची तारीखही जोडा. एलसीएला कामकाजाचे ७ दिवस लागतात, त्यामुळे उघडल्यापासून साधारण दोन आठवड्यांत पिटिशन पोचली तर तो उशीर समजण्यासारखा ठरतो. तिथे महिना घालवलात तर तो महिना शटडाउनच्या माथी मारता येत नाही. सोबत आय-९४ च्या तारखेपर्यंतच्या पे-स्लिप आणि या सगळ्याचा क्रम सांगणारं कंपनीचं सहीचं पत्र द्या.

आता कामाचं. एक्स्टेन्शन वेळेत भरलं, तर आय-९४ संपल्यावरही त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. ‘वेळेत’ म्हणजे यूएससीआयएसकडे पोचलेली तारीख. कुरिअरला दिल्याची नाही. उशिरा भरलेल्या पिटिशनला हे २४० दिवस मिळतात असं धरून चालू नका. मंजुरी येईपर्यंत बिनपगारी रजा घ्या, घरून लॅपटॉपवरचं कामही बंद. मॅनेजर म्हणतात, “दोन मीटिंगा तर आहेत.” त्या दोन मीटिंगांपायी ‘बाकी स्टेटस नीट पाळलं’ ही अट मोडू शकते आणि माफीचा आधारच जातो. अशा वेळी प्रीमियम प्रोसेसिंगचे, म्हणजे जादा फी भरून लवकर निर्णय मिळवायचे, पैसे वाचवू नका.

घाबरून भारतात निघूनही येऊ नका, आधी वकिलाशी बोला. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या सप्टेंबर २०२५ च्या घोषणेतला एच-१बीसाठीचा १,००,००० डॉलरचा भरणा अमेरिकेत राहून मंजूर झालेल्या एक्स्टेन्शनला लागत नाही, असं यूएससीआयएसने २० ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट केलं. पण एक्स्टेन्शनसाठी अपात्र ठरलात, किंवा निर्णयाआधी देश सोडलात, तर तो लागू शकतो.

मला यात अन्याय वाटतो तो असा. अमेरिकेच्या १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यात, ज्याने परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत आणि पूर्ण भरला, त्याचा चालू परवाना निर्णय होईपर्यंत संपत नाही, असं तत्त्व आहे. पण ते अर्ज भरू शकलेल्या माणसापुरतं. सरकारने अर्जाचं दारच बंद केलं तर घड्याळ मात्र चालूच राहतं. पोर्टल जितके दिवस बंद, तितके दिवस मुदत आपोआप पुढे, एवढी एक ओळ नियमात हवी. हे अशक्यही नाही. २००९ च्या अखेरीस एलसीएच्या यंत्रणेत गोंधळ होता, तेव्हा एलसीए भरल्याच्या पुराव्यावर पिटिशन घ्यायची तात्पुरती सोय यूएससीआयएसने केली होती.

पुढच्या वेळेसाठी: एलसीए आणि एक्स्टेन्शन दोन्ही सहा महिने आधी भरता येतात. आय-९४ ऑक्टोबर ते जानेवारीत संपत असेल तर एलसीए ऑगस्टमध्येच मंजूर करून घ्या, कारण नवं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि निधी तिथेच अडतो. पोर्टल बंद पडलंच, तर कंपनीकडे त्याच कामाचा, त्याच ठिकाणचा, जागा शिल्लक असलेला जुना एलसीए आहे का, हे वकिलाला तपासायला सांगा. मोठ्या आयटी कंपन्यांकडे अनेक जागांचे एलसीए असतात. त्यावर सहा-आठ महिन्यांचंच एक्स्टेन्शन मागता आलं तरी ते वेळेत भरलेलं ठरतं आणि २४० दिवस हातात येतात.

आणि आय-९४ ची तारीख सीबीपीच्या (विमानतळावर प्रवेश देणाऱ्या अमेरिकी सीमा खात्याच्या) संकेतस्थळावर आजच बघा, व्हिसाच्या स्टिकरवरची नको. पासपोर्ट लवकर संपत असेल तर विमानतळावर आय-९४ त्याच तारखेपर्यंतच देतात, आणि हे पुष्कळांना वेळ निघून गेल्यावर कळतं. तसं झालं असेल तर तुमचा मूळ एलसीए बहुधा अजून चालू असेल. मग पासपोर्टचं नूतनीकरण करून त्याच एलसीएवर पिटिशन भरता येईल का, हे वकिलाला विचारा. त्यासाठी फ्लॅग उघडायची वाट बघावी लागत नाही.