बटणावरची खूण, खोक्यावरचा आकडा

प्रश्न: टीव्हीच्या बटणावर वर्तुळ आणि त्याला वरून छेदणारी उभी रेघ आहे. ते दाबून टीव्ही बंद केला की वीज पूर्ण तुटते का?

उत्तर: नाही. नुसती रेघ म्हणजे चालू आणि नुसतं वर्तुळ म्हणजे बंद. ही जोडी खटक्याच्या दोन टोकांवर दिसते आणि तो खटका वीज खरोखर तोडतो. तुमच्या बटणावरची खूण स्टँडबायची आहे. पडदा काळा झाला तरी रिमोटचा इशारा ओळखण्यासाठी टीव्ही थोडी वीज घेतच राहतो. या खुणा आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०४१७ क्रमांकाच्या मानकात ठरलेल्या आहेत. टीव्ही पुसायचा किंवा मागची वायर बदलायची असेल, तर प्लग काढा.

प्रश्न: दोन लॅपटॉप पाहिले, दोन्हींत एएमडी कंपनीचा रायझन ५ प्रोसेसर. एकाचा क्रमांक ७५२०यू, दुसऱ्याचा ७५४०यू. एवढ्याशा फरकाने काय बिघडतं?

उत्तर: बरंच. पहिला ७ म्हणजे २०२३ ची मालिका, त्यामुळे दोन्ही सारखेच नवे वाटतात. खरी गोम तिसऱ्या आकड्यात आहे, कारण तो आतल्या कोअरची, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागांची, पिढी सांगतो. या पिढ्यांचं नाव झेन. ७५२०यू मध्ये झेन २ आहे, ७५४०यू मध्ये झेन ४. झेन २ चे प्रोसेसर २०१९ मध्येच बाजारात आले होते. शिवाय पहिल्यात चार कोअर, दुसऱ्यात सहा. जुनी पिढी नव्या मालिकेच्या आकड्याआड विकण्याची ही पद्धत मला मुळीच पटत नाही. घेणारा फसतो तो इथेच.

इंटेल कंपनीच्या प्रोसेसरमध्ये क्रमांकाचं शेवटचं अक्षरही बघा. आय५-१२३५यू आणि आय५-१२५००एच दोन्ही बाराव्या पिढीचे, पण यूची मूळ वीजमर्यादा १५ वॅट, एचची ४५. लिखाण, ब्राउझिंग आणि जास्त वेळ टिकणारी बॅटरी हवी असेल तर यू पुरतो. व्हिडिओ एडिटिंग करणार असाल तर एचच घ्या. दोन्हींचं स्टिकर मात्र ‘आय५’ एवढंच सांगतं, म्हणून पूर्ण क्रमांक विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न: चार्जरवर एका चौकोनात दुसरा चौकोन आहे. त्याला अर्थिंगची पिन नाही. धोका आहे का?

उत्तर: नाही. ती दुहेरी इन्सुलेशनची, म्हणजे वीज बाहेर येऊ न देणाऱ्या दुहेरी संरक्षणाची, खूण आहे. अशा उपकरणाला अर्थिंग लागत नाही.

प्रश्न: फोन आयपी६८ आहे. पोहताना खिशात ठेवू का?

उत्तर: ठेवू नका. आयपी म्हणजे धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही. ८ म्हणजे एक मीटरपेक्षा खोल किंवा जास्त वेळ पाण्यात टिकतो, पण किती, ते कंपनी ठरवते, माहितीपुस्तिकेत पाहा. चाचणी साध्या, स्वच्छ पाण्यात होते. क्लोरीन आणि खारं पाणी त्यात धरलेलं नसतं, आणि फोन आपटला किंवा जुना झाला की आतली सीलं सैल पडतात. आधीच भिजला असेल, तर पोर्ट पूर्ण सुकेपर्यंत चार्जरची केबल लावू नका.