स्टेटस काढायला लावलं, मोठे बाबा बोलत नाहीत. आता तलाठी व्हायचं कसं?

प्रश्न: मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. बी.कॉम. झालं आहे. पतसंस्थेत काम करत तलाठी भरतीची तयारी चालू आहे. निवडणुकीत बाबा एका पक्षाकडून, मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, दुसऱ्याकडून फिरले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. अमरावतीच्या क्लासची फी मोठे बाबा भरणार होते, आता विषयच काढत नाहीत. मी व्हॉट्सअॅपवर एक राजकीय स्टेटस ठेवलं, तर मॅनेजरनी ते काढायला लावलं. मी मत मांडणंच सोडून द्यावं का?

उत्तर: सोडू नकोस. पण ज्या नोकरीसाठी रात्री जागतो आहेस ती तुझ्याकडून काय मागते, ते आजच समजून घे.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ सालचे आहेत. त्यानुसार सरकारी कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचं सदस्य होता येत नाही, प्रचार करता येत नाही. मत द्यायचं, पण कुणाला देणार ते सांगायचं नाही. २०२५ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने समाजमाध्यमांसाठीही सूचना काढल्या. त्यानुसार सरकारी धोरणावर प्रतिकूल टीका करता येत नाही. उद्या नोकरी लागल्यावर गावात अडून बसलेला फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातला बदल, तुझ्या टेबलावर येईल. अर्जदार मोठ्या बाबांच्या पक्षाचा असो की बाबांच्या, त्याला तुझ्यावर भरवसा वाटला पाहिजे. म्हणून हे बंधन मला बऱ्याच अंशी पटतं. सगळं मात्र पटत नाही. सभा नुसती ऐकायला गेला म्हणून कर्मचाऱ्याला छळणं चूक आहे, आणि त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका कर्मचारी बाईंच्या बाजूने तसाच निर्णय दिला होता.

पतसंस्थेचं वेगळं आहे. घटनेच्या कलम १९ चं भाषणस्वातंत्र्य मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतं; खासगी मालकापुढे ते तसंच्या तसं चालत नाही. तिथे नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते बघ आणि मॅनेजरना शांतपणे विचार, ‘असा नियम लेखी आहे का?’ खातेदारांकडे तुझा हाच नंबर असेल तर मॅनेजरचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. राजीनामा देऊ नकोस. कामाचा नंबर वेगळा ठेव.

एक गोष्ट जास्त गांभीर्याने सांगतो. ग्रुपवरच्या शिवीगाळीतून किंवा मिरवणुकीतल्या धक्काबुक्कीतून गुन्हा दाखल झाला, तर नेमणुकीआधीच्या चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो. आणि तो साक्षांकन नमुन्यात, म्हणजे या पडताळणीसाठी भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, लपवला तर निवड झालेली नोकरीही जाऊ शकते. चांगल्या मुलांची वर्षं अशी वाया जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

राजकारणाची ओढ खरीच असेल तर तलाठीपदाच्या मागे लागू नकोस. एकविसाव्या वर्षापासून ग्रामपंचायत लढवता येते. सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी कर. वकिली करत उघडपणे पक्षाचं काम करता येतं.

आता मोठे बाबा. भांडण त्या दोघांचं आहे, तू पुतण्या आहेस. दोघांच्या वावरांचा धुरा एक असेल, विहीर सामाईक असेल, तर सोयाबीन काढणीला एकमेकांशिवाय कुणाचंच भागत नाही. आईला सांगून जा, बाबांनाही कळू दे. चोरून गेलास तर तिसरं भांडण सुरू होईल. मोठ्या बाबांपुढे निवडणुकीचा शब्द काढू नकोस आणि बाबांच्या वतीने माफीही मागू नकोस. फीचं सरळ विचार: ‘मोठे बाबा, क्लासचं जमेल का? नसेल जमत तर मी दुसरं बघतो.’ त्यांनी बदल्यात आपल्या पक्षाच्या मेळाव्यात उभं राहायला सांगितलं, तर पैसे घेऊ नकोस, पण पाया पडूनच नीघ.

पैसे नाहीच आले तर तुझ्या प्रवर्गाप्रमाणे महाज्योती, बार्टी किंवा सारथी या सरकारी संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाची जाहिरात बघत राहा. महाज्योतीचं मुख्यालय नागपूरलाच आहे. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर लागणार असेल तर आत्ताच काढून ठेव. ऐन वेळी सेतू केंद्रावर रांग लागते.