बीएसए थांबू द्या, आधी आप्पांचे पैसे सोडवा

सोलापूरच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात सुपरवायझर, हातात ४६ हजार. पत्नी शिवणकामातून नऊएक हजार मिळवते. दोन मुली, सोबत आई-वडील. त्यांना बीएसए गोल्ड स्टार ६५० ही मोटारसायकल घ्यायची आहे. कोटेशन ऑनरोड ३ लाख ९५ हजारांचं. ९५ हजार रोख भरून बाकीचं कर्ज काढावं, की सगळे पैसे रोख द्यावेत, एवढंच त्यांनी विचारलंय. गाडी हीच का, तर 'शोले'मधली साइडकारवाली मोटारसायकल बीएसएची होती. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, तो सिनेमा शाळेत असताना पाहिला आणि तेव्हापासून ती गाडी त्यांच्या मनात आहे.

शेवटी जाता जाता ते लिहितात: 'आप्पा एसटीतून रिटायर झाले, त्यांचे १४ लाख माझ्या खात्यावर आहेत. मागच्या वर्षी एफडी करायला बँकेत गेलो तर तिथल्या साहेबांनी एफडीपेक्षा चांगली स्कीम दिली. दोन लाख टाकलेत, पाच वर्षांत डबल होतील. उरलेल्या १२ लाखांतून गाडीचं बघतो. आप्पांना व्याज म्हणून महिन्याला ३ हजार देतो.' पैसे सुरक्षित आहेत हे दाखवायला कागदांचे फोटोही त्यांनी जोडलेत.

ते कागद मी दोनदा वाचले. गाडीचं नंतर बोलू.

तुम्ही एफडी केलेली नाही, स्कीमही घेतलेली नाही. ती विमा पॉलिसी आहे. दोन लाख एकदाच भरून सुटका होणार नाही. दहा वर्षं, दरवर्षी दोन लाख, एकूण २० लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर साधारण ३२ लाख मिळायचे. ऐकायला बरं वाटतं, पण हिशेब केला तर वर्षाला जेमतेम साडेचार टक्के पडतात. पीपीएफ या सरकारी बचत योजनेचा दर ७.१ टक्के आहे. तुम्ही एफडी करायला गेला होतात, तीसुद्धा याहून बरी होती. आणि 'पाच वर्षांत डबल' म्हणजे वर्षाला जवळपास पंधरा टक्के. खात्रीने एवढे देणारी एकही योजना या देशात नाही. हे कोणी तोंडी सांगितलं तर त्याच्याकडून लेखी मागा. लेखी कोणी देत नाही.

आता फोटोतलं तिसरं पान उघडा. प्रस्ताव अर्जात तुमचा व्यवसाय 'स्वतःचा उद्योग' आणि वार्षिक उत्पन्न १२ लाख लिहिलंय. तुमचा वर्षाचा पगार साडेपाच लाख. दोन लाखांचा हप्ता मंजूर व्हावा म्हणून कोणीतरी हे आकडे भरले आणि तुमची सही घेतली. मला या प्रकाराची चीड आहे. एसटीत आयुष्यभर स्टिअरिंग धरलेल्या माणसाची पुंजी घेऊन त्याचा मुलगा काउंटरवर एफडी मागतो आणि त्याच्या हातात हे दिलं जातं. चूक विकणाऱ्याची आहे. पण ती पुढे चालू ठेवली तर तुमची होईल.

त्याच फाइलमध्ये ऑटो डेबिटचं संमतिपत्र आहे, खाते क्रमांक तोच, ज्यात आप्पांचे १२ लाख पडून आहेत. पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला दोन लाख आपोआप कापले जातील. असेच चालू राहिलं तर सहा वर्षांत आप्पांचं खातं रिकामं, आणि तरी तीन हप्ते म्हणजे सहा लाख तुमच्या पगारातून द्यायचे बाकी. आप्पांची पेन्शन तुम्हीच लिहिलीय, साडेतीन हजार. पॉलिसीची मुदत संपेल तेव्हा ते ७५ वर्षांचे असतील. कागदावर त्यांचं नाव कुठेच नाही. विमा तुमच्यावर, वारस पत्नी.

म्हणून पहिलं काम, याच आठवड्यात बँकेत जाऊन ते ऑटो डेबिट लेखी अर्ज देऊन बंद करा आणि पोच घ्या. फोनवर 'होऊन जाईल' म्हणतील, त्यावर विसंबू नका. शक्य असेल तर त्याच दिवशी १२ लाख तिथून हलवा.

दुसरं काम तक्रारीचं. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत विनाकारण परत करता येते, ती मुदत गेली. एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असल्याने, पहिलं वर्ष संपल्यावर पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मध्येच मोडली, तर काही रक्कम मिळेल, ऑक्टोबर २०२४ पासून नियम तसा आहे. पण लगेच सरेंडर करू नका. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा: एफडी सांगून पॉलिसी विकली, उत्पन्न आणि व्यवसाय खोटा भरला, पूर्ण दोन लाख परत हवेत. सोबत पगाराच्या स्लिपा आणि आयकर विवरणपत्र लावा. खरेदीनंतर कंपनीचा पडताळणीचा फोन आला होता का, आणि 'सगळ्याला हो म्हणा' असं तुम्हाला कोणी शिकवलं होतं का, तेही लिहा. त्या कॉलचं रेकॉर्डिंग मागा. हीच तक्रार विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जायचं, सोलापूर त्यांच्याकडे येतं. फी नाही, वकील लागत नाही. दोन लाख पूर्ण परत येतील अशी हमी मी देणार नाही. मात्र खोट्या उत्पन्नाचा कागद तुमच्या बाजूने बोलतो. आणि अगदी दोन्ही लाख बुडाले तरी पुढचे अठरा लाख वाचवणं जास्त महत्त्वाचं आहे.

तिसरं, १२ लाख आप्पांच्या नावावर परत करा. ते ६१ वर्षांचे आहेत. दहा लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले, तर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला २०,५०० रुपये थेट त्यांच्या खात्यात येतील, महिन्याला पावणेसात हजारांच्या पुढे. आज तुम्ही स्वतःच्या पगारातून तीन हजार देऊन त्याला व्याज म्हणता, त्याच्या दुपटीहून जास्त. उरलेले दोन लाख दवाखान्यासाठी एफडीत ठेवा. एफडीच्या पावतीवर एफडीच लिहिलंय ना, ते काउंटरवर उभं राहून वाचा. आणि झालेला प्रकार आप्पांना सांगा. पैसे त्यांचे आहेत.

आता गाडी. 'शोले'तली ती गाडी बीएसएची डब्ल्यूएम२०, दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनलेली. मूळ ब्रिटिश कंपनी तर सिनेमा लागला त्या १९७५ च्या आधीच डबघाईला येऊन दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. ते नाव २०१६ मध्ये महिंद्राशी संबंधित क्लासिक लेजंड्सने विकत घेतलं आणि आजची गोल्ड स्टार भारतात आली १५ ऑगस्ट २०२४ ला. गाडी देखणी आहे. टाकीचा तो आकार, गोल हेडलाइट, क्रोम पाहून मन ओढलं जाणं मला पूर्ण समजतं. पण आप्पांच्या आठवणीतल्या गाडीशी तिचं नातं टाकीवरच्या तीन अक्षरांपुरतं आहे. 'रेट्रो गाडीची किंमत पडत नाही, उलट वाढते' असं तुम्ही लिहिलंय, तेही मनातून काढा. भाव येतो तो जपलेल्या जुन्या जावा, येझदी, 'बॉबी'मुळे गाजलेल्या राजदूत जीटीएसला. आज शोरूममधून निघालेली गाडी उद्या सेकंडहँडच.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर जीएसटी ४० टक्के आहे, त्याखाली १८. शोरूम किंमत सव्वातीन लाख धरली तर त्यात ९० हजारांच्या वर निव्वळ कर. तीन लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता साडेसहा हजार आणि व्याज ९० हजार. रोख देण्याचा तर प्रश्नच नाही, ती रोख तुमची नाही.

तुमच्या घरात महिन्याला ५५ हजार येतात, ३६ हजार खर्च, तीन हजार आप्पांना. उरतात १६ हजार. पॉलिसीचा हप्ता महिन्यावर पसरवला तर १६,७०० होतो. म्हणजे पॉलिसी चालू असेपर्यंत सायकलसुद्धा परवडत नाही. ती थांबली की दीड हजारांत एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे निव्वळ जीवनविमा, येईल (आत्ता तुमच्यावर फक्त २० लाखांचा विमा आहे, दोन मुलींच्या बापाला तो पुरत नाही), दोनेक हजारांत घराचा आरोग्य विमा, पाच हजार मुलींसाठी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक. उरलेल्या साडेसात हजारांपैकी सात हजारांची आवर्ती ठेव गाडीसाठी. दीड वर्षात सव्वा लाख जमतील. तेवढे भरून आणि लाखभर कर्ज दोन वर्षांसाठी काढून सव्वादोन लाखांपर्यंतची ३५० सीसीच्या आतली गाडी घ्या. हप्ता ४,७०० च्या आत बसेल, आवर्ती ठेवीचे सात हजार तेव्हा मोकळे झालेले असतील. जुन्या ढंगाच्या गाड्या त्या वर्गात भरपूर आहेत. आप्पांना मागे बसवून तुळजापूरला जायला तेवढं इंजिन पुरून उरतं. घेण्याआधी सोलापुरात तिचं सर्व्हिस सेंटर आहे ना, आणि एप्रिलच्या उन्हात सात रस्त्याच्या सिग्नलला इंजिन पायाला किती तापतं, ते टेस्ट राइडमध्ये बघून घ्या.

आठवड्याभरात ऑटो डेबिट बंद झाल्याची पोच आणि कंपनीला पाठवलेल्या तक्रारीची प्रत मला पाठवा. कंपनीचं उत्तर आलं की लोकपालाच्या अर्जाचा मसुदा आपण त्यावरून करू.