नव्या फ्लॅटसाठी इटालियन डिझायनर दिवा घ्यावा, की तो नुसता थाट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लॅटचं काम चालू आहे, हॉल १० बाय १५ फुटांचा, आणि मिस्टरांना तो संगमरवरी बैठकीचा, कमानीसारखा वाकलेला ‘आर्को’ हवाय. खरा घ्यावा, नक्कल घ्यावी की नाद सोडावा? मी इंटिरियरचं काम करते, त्यामुळे हा दिवा दर थोड्या दिवसांनी कोणाच्या तरी मोबाइलवर दिसतोच.

तुमच्या हॉलमध्ये आर्को नको. दिवा वाईट आहे म्हणून नाही, तर तो ज्या अडचणीवर काढला ती तुमच्या घरात नाहीच म्हणून.

अकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या मिलानच्या भावांनी १९६२ साली तो फ्लोस कंपनीसाठी केला. जेवणाच्या टेबलावर वरून उजेड हवा, पण छताला भोक पाडायचं नाही, आणि उद्या टेबल सरकवलं तर दिवाही मागोमाग सरकला पाहिजे, एवढीच गरज होती. रस्त्यावरच्या दिव्याचा खांब त्यांच्या डोळ्यांपुढे होता. बैठकीपासून दिवा जवळजवळ दोन मीटर पुढे येतो, त्यामुळे खुर्च्यांच्या मागून वाढणाऱ्याला फिरता येतं. एवढी लांब कमान उलटू नये म्हणून खाली ६५ किलोच्या आसपास वजनाचा, इटलीतल्या कर्रारा गावचा संगमरवर. लोक त्याला श्रीमंती समजतात, पण त्याचं काम वजनाचं. त्या दगडाला आरपार एक गोल भोक आहे, तेही शोभेचं नाही. त्यातून झाडूचा दांडा घालायचा आणि दोघांनी दोन्हीकडून धरून उचलायचं. दगडाच्या कडा मारल्यात त्या जाता-येता लागू नये म्हणून.

आता तुमचा हॉल. १० फूट रुंदीतली सातेक फूट ही कमान खाणार, समोर टीव्ही युनिट, आणि डायनिंग टेबल तर किचनला लागून. मग दिवा उजेड पाडणार कोणावर? सोफ्यावर बसलेल्यांच्या डोक्यावर.

नकलेबद्दल. मी पाहिलेल्या स्वस्त नकलांमध्ये काटकसर नेमकी वजनात केलेली असते. बैठक हलकी, कमान मान टाकलेली, धक्का लागला की डुलते. लहान मुलं असतील तर मुळीच नको. शिवाय हे प्रकरण कायद्यातही गेलंय. चीनहून आयात केलेल्या अशाच एका दिव्यावरून फ्लोस कोर्टात गेली आणि २०११ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने सांगितलं की डिझाइनची नोंदणी नसली, तरी कॉपीराइटचं संरक्षण मिळू शकतं.

पैसे मोजायचेच असतील तर त्याच घराण्यातला ‘पारेन्तेसी’ बघा. माझा सगळ्यात आवडता. छतापासून जमिनीपर्यंत ताणलेली एक पोलादी दोरी, खाली वजन, आणि दोरीवर वाकवलेली नळी, तिला बल्ब. नळीच्या वाकामुळे दोरी तिच्यात घासते, म्हणून दिवा सोडाल तिथे थांबतो. हाताने वर-खाली सरकवा, गोल फिरवा. कुठे स्क्रू आवळायला नको. मूळ कल्पना पिओ मान्झूची, ज्याने फियाट १२७ गाडी डिझाइन केली. तो १९६९ मध्ये मोटार अपघातात गेला आणि अकिले कास्तिल्योनीने ती कल्पना पुढे नेऊन १९७१ मध्ये पूर्ण केली. १९७९ मध्ये तिला कोम्पासो द’ओरो मिळालं, म्हणजे इटलीतला डिझाइनचा सर्वांत मानाचा पुरस्कार. जमिनीवर ताटलीएवढी जागा घेतो. वाचायला, भिंतीवरचं चित्र उजळायला, दोन्हीला चालतो.

बेडरूमसाठी व्हीको माजिस्त्रेत्तीचा ‘एक्लिस्से’, आर्तेमिदे कंपनीचा. आतली अर्धगोल वाटी फिरवली की बल्ब झाकत जातो, शेजारचा झोपला असेल तर फटीपुरता उजेड ठेवता येतो. जुन्या बल्बवर त्याचं पत्र्याचं अंग चांगलंच तापायचं, बोटं भाजायची. एलईडी घातलात की तो त्रास जवळपास संपतो. ‘टिझिओ’ या टेबललॅम्पच्या मी वाटेला जात नाही. दांड्यांमधूनच १२ व्होल्टचा करंट नेऊन वायर गायब केलीय, हुशारी मानली, पण घरात तो ऑफिससारखा दिसतो.

विजेची काळजी नको, इटलीतही २३० व्होल्टच आहेत. प्लग मात्र बदलून घ्यावा लागतो. बल्ब आपल्याकडच्या पिनवाल्या होल्डरचा चालत नाही, आट्यांचा लागतो, तो कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. २७०० केल्विनचा, पिवळसर घ्या. पांढऱ्याफटक बल्बने महागडा दिवाही दवाखान्यातला वाटतो.

पारेन्तेसी ठरला तर एक काम याच आठवड्यात करा. फॉल्स सीलिंग व्हायच्या आत वायरमनला जागा दाखवा आणि हूक थेट स्लॅबमध्ये फास्टनर मारून बसवून घ्या. पीओपीत अडकवलेला हूक त्या ताणाला टिकणार नाही.