आतली पेशी कोणाची?

प्रिय होऊ घातलेल्या पॅथॉलॉजिस्टास,

अनेक आशीर्वाद.

मेलानोमाच्या (रंगपेशींच्या कर्करोगाच्या) स्लाइडचा फोटो पाहिला. मोठ्या पेशीत गोल पोकळी, त्या पोकळीत दुसरी पेशी आणि बाहेरचीचं केंद्रक कडेला रेटलं जाऊन चंद्रकोरीसारखं झालेलं. दृश्य फक्कड आहे. पण त्याखाली बेधडक 'कॅनिबालिझम', म्हणजे पेशीने पेशीला खाणं, असं लिहून टाकलंस, तिथे जरा थांब.

अशा चित्रामागे वेगवेगळ्या घटना असू शकतात. एक खरोखर खाण्याची. २००६ साली रोमच्या संशोधकांनी दाखवलं की शरीरात पसरलेल्या मेलानोमाच्या पेशी जिवंत लिम्फोसाइट (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) गिळतात, म्हणजे मारायला आलेल्यालाच! मूळ गाठीच्या पेशींत त्यांना हे दिसलं नाही. उपासमारीत असा घास मिळालेल्या पेशी जास्त तग धरतात.

दुसरी नेमकी उलटी. हार्वर्डच्या जोन ब्रुग यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये 'एन्टोसिस' मांडला. आधारापासून सुटलेली पेशी स्वतःच ॲक्टिन-मायोसिन या आकुंचनाच्या प्रथिनांचा जोर लावून शेजारणीत घुसते. बहुतेक आतच मरतात, काही विभागतात, काही चक्क बाहेर पडतात.

तिसरी मला सगळ्यात चक्रावते. २०२२ मध्ये तेल अवीवच्या गटाने उंदरांतल्या गाठींवर काम केलं, त्यात मेलानोमाही होता. टी पेशींचा (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) मारा झाला की उरलेल्या कर्कपेशी एकमेकींच्या आत शिरतात. बाहेरची मरते, आतली वाचते आणि मारा ओसरला की मोकळी होते. हिला गिळलेली म्हणायचं की लपलेली?

तेव्हा नाव देण्याआधी बाहेरची पेशी मेलानोमाचीच आहे ना, ते बघ. मेलॅनिन हे रंगद्रव्य खाऊन काळवंडलेला मॅक्रोफाज (शरीराची सफाई करणारी भक्षक पेशी) भल्याभल्यांना फसवतो. सॉक्स-१० या प्रथिनाची रंगचाचणी लाव, मेलानोमाचं केंद्रक रंगेल, मॅक्रोफाजचं नाही. आतली लिम्फोसाइट वाटत असेल तर मारेकरी टी पेशी दाखवणारी सीडी-८ही लाव. आणि हो, या चाचण्यांचा नेहमीचा तपकिरी रंग मेलॅनिनमध्ये हरवतो, लाल क्रोमोजेन (रंग देणारं रसायन) माग. टेक्निशियन कुरकुरतील, कुरकुरू देत. फाइन फोकस फिरवून पेशी नुसत्या एकमेकींवर आलेल्या नाहीत ना, तेही तपास.

रिपोर्टात यातलं काही घालू नकोस. गाठ मूळची असेल तर ब्रेस्लोची जाडी (गाठ त्वचेत किती खोल गेली ते माप) आणि वर व्रण आहे की नाही, हे आधी नीट लिही; सर्जन तेच शोधणार.

रंगवलेल्या स्लाइड आल्या की घेऊन ये. फोटो नकोत.