चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून झालेल्या बाळंतपणानंतर: नव्या आशाताईंसाठी

ताई, अशा बाळंतिणीला शिरेतून प्रतिजैविकाची मात्रा मिळाली का, हे सुटीच्या कागदावर आधी पाहावे. ब्रिटनमधील २०१९ च्या अभ्यासात सहा तासांच्या आत दिलेल्या एकाच मात्रेने संसर्गाचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आले. घरभेटीत केवळ बाळाचे वजन करून परतू नये, कारण आईकडे दुर्लक्ष तिथेच होते. तिला आडोशाला नेऊन टाके दुखतात का, स्रावाला घाण वास येतो का, हे विचारावे आणि ताप स्वतः मोजावा. शेगडीच्या शेकाने अंग गरम आहे, असे सासूबाई म्हणतील. तरीही थर्मामीटरवर १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक दिसल्यास थांबू नये, मेळघाटासारख्या भागात पावसाळ्यात तर मुळीच नाही, तात्काळ १०८ ला कळवावे. टाक्यांवर तेल-हळद लावू देऊ नये.