छातीवरची रांग

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे दोन्ही प्रश्न वाचले. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीचं पदक सरसकट सगळ्यांना मिळालंय, मग ते लावण्यात कसलं आलंय कौतुक, हा पहिला. आणि आजोबांची पदकं सव्वीस जानेवारीला तुझ्या वर्दीवर लावली तर चालतील का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर लगेच देतो: चालणार नाहीत. पण नुसतं 'नाही' ऐकून तुझं समाधान व्हायचं नाही, हे मला माहीत आहे. त्यामागचं कारण तुझ्या पहिल्या प्रश्नात दडलंय, म्हणून आधी तो घेतो.

अशी स्मृतिपदकं आपल्याकडे मोजकीच निघाली. १५ ऑगस्ट १९४७ ला सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्य पदक मिळालं. मग १९७२ ला पंचविशीचं, १९९७ ला पन्नाशीचं आणि २०२२ ला पंचाहत्तरीचं. अट साधी असते, त्या तारखेला तू सेवेत होतास की नाही. काय पराक्रम केलास, कुठल्या पोस्टवर होतास, हुद्दा कोणता, हे कुणी विचारत नाही. जनरल साहेबांच्या छातीवर जे पदक आहे तेच लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, पहाटे तीनला चूल पेटवणाऱ्याच्या छातीवर आहे. धातू तोच, फीतही तीच. सरसकट मिळालं म्हणून ते तुला हलकं वाटतं. मला विचारशील तर त्याची सगळी किंमत त्या सरसकटपणातच आहे. देशाने एका दिवशी सगळ्या फौजेकडे बघितलं आणि कुणालाही वगळलं नाही. तू ते लावलं नाहीस तर तुझं काही कमी होणार नाही, पण त्या रांगेत तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं मात्र तू कमी करशील.

उलट बाजूही तेवढीच खरी. हे पदक जेवढं सांगतं त्याहून जास्त त्याच्याकडून वदवून घेऊ नकोस. गावी गेल्यावर पोरं विचारतील, 'हे कशासाठी मिळालं?' तर सांग, पंचाहत्तराव्या स्वातंत्र्यदिनी मी वर्दीत होतो म्हणून. तिथे गोळीबाराची गोष्ट जोडू नकोस.

आता आजोबांची रांग डोळ्यांपुढे आण. तू पाठवलेल्या फोटोत ती स्पष्ट दिसते. सगळ्यात आत, म्हणजे छातीच्या मध्याकडे, पूर्वी स्टार, मग संग्राम मेडल, मग पंचविशीचं पदक, मग वीस वर्षांच्या सेवेचं आणि शेवटी नऊ वर्षांचं. पूर्वी स्टार आहे म्हणजे एकाहत्तरच्या युद्धात ते पूर्वेच्या आघाडीवर होते, बांगलादेशच्या बाजूला. पश्चिमेला असते तर त्या जागी पश्चिमी स्टार असता. संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्यांना मिळालं, ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ अशी त्याची मुदत. पंचविशीचं पदक सांगतं की लढाई संपून आठ महिने झाल्यावर, १५ ऑगस्ट १९७२ ला, ते अजून वर्दीतच होते. आणि शेवटची दोन सांगतात की एकूण वीस वर्षं तरी ते नोकरीत टिकून राहिले. एक अक्षर न लिहिता माणसाची सगळी नोकरी तिथे वाचता येते. हे वाचन शक्य होतं कारण क्रम ठरलेला आहे आणि प्रत्येक जण तो पाळतो. एकाने जरी आपल्या आवडीने फीत पुढे-मागे केली, तरी रांग खोटं बोलायला लागते.

क्रम आवडीने ठरत नाही, हे समजायला फील्ड मार्शल सॅम माणेकशॉंची रांग बघ. १९४२ मध्ये बर्मात सितांगच्या लढाईत पोटात गोळ्या घेऊन त्यांनी ब्रिटिशांचा मिलिटरी क्रॉस मिळवला होता. शौर्याचं पदक, तेही मरणाच्या दारातून आणलेलं. पण भारताच्या क्रमवारीत राष्ट्रकुलाची पदकं आपल्या पदकांच्या मागे येतात. त्यामुळे फील्ड मार्शलच्या छातीवर तो क्रॉस नऊ वर्षांच्या सेवेच्या पदकानंतर बसतो, आणि १९४७ चं स्वातंत्र्य पदक त्याच्या पुढे. मला हे नेहमी फार मोठं वाटत आलंय.

तुझ्यापुरतं सांगायचं तर सध्या तुझ्याकडे दोनच आहेत. हाय अल्टिट्यूड मेडल, म्हणजे अति उंचावरच्या सेवेचं, आत, शरीराच्या मध्याकडे, आणि पंचाहत्तरीचं त्याच्या बाहेर. पुढे नऊ वर्षं पूर्ण झाली की त्या सेवेचं पदक पंचाहत्तरीच्याही बाहेर जाईल. उद्या सेना मेडल मिळालं तर ते सगळ्यांच्या आत येईल. कुठलं आधी मिळालं, याला इथे काही महत्त्व नाही. युनोच्या मिशनवर गेलास तर तिथलं पदक रांगेच्या शेवटी. परदेशी सरकारने काही दिलं, तर आपल्या सरकारच्या परवानगीशिवाय घ्यायचंही नाही आणि लावायचंही नाही.

पूर्ण पदकं समारंभाच्या वर्दीवर, डाव्या खिशाच्या वर. रोजच्या वर्दीवर नुसत्या फितींची पट्टी. मेस ड्रेसवर, म्हणजे मेसमधल्या औपचारिक जेवणाच्या पोशाखावर, लहान आकाराची पदकं. कॉम्बॅट ड्रेसवर काहीच नाही. पदकं वाढून एकमेकांवर चढवायची वेळ आली तर आतलं, म्हणजे मानाने वरचं, पूर्ण दिसलं पाहिजे. बाकी बारीकसारीक तुझ्या युनिटचा सुभेदार मेजर माझ्यापेक्षा चांगलं सांगेल, त्याला विचारायला लाजू नकोस.

एक गोष्ट मात्र मीच सांगतो, कारण तरुण पोरं हमखास इथेच घाई करतात. ब्रासोचा, म्हणजे पितळ चमकवायच्या पॉलिशचा, डबा पदकापासून लांब ठेव. बकल आणि बटणं घासून घासून हाताला सवय लागलेली असते, आणि परेडच्या आदल्या रात्री तोच हात पदकावर फिरतो. पदकाची कड निरखून बघ, तिथे क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत उमटवलेलं असतं. ब्रासोने चमक येते, पण दर वेळी त्या अक्षरांची धार थोडी थोडी जाते. काही वर्षांनी बोट फिरवलं तरी नाव लागत नाही. मऊ कोरडं कापड पुरे. फितीचा रंग उन्हाने उडतो आणि घामाने डाग पडतात. फीत मळली की नवी लावायची, धुवायची नाही. पदक तेच राहतं, फीत बदलली म्हणून कुणी काही म्हणत नाही.

छावणीच्या बाजारात टेलर मागशील ती फीत शिवून देतो. पैसे दिले की त्याचं काम झालं, तुझा हक्क आहे की नाही हे बघणं त्याचं काम नाही. हक्क पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे तुझ्या सेवेच्या अधिकृत नोंदीच्या आदेशात, लिहिलेला असतो. तिथे नोंद नसेल तर फीत नाही, मग बरोबरच्या सगळ्यांनी लावलेली असो. रेझिंग डेला, म्हणजे स्थापना दिनाला, पलटणीने दिलेलं चांदीचं नाणं, मॅरेथॉनचं पदक, कुठल्या संस्थेने सत्कारात गळ्यात घातलेलं काही, हे सगळं घरातल्या कपाटात मानाने ठेव. वर्दीवर त्याला जागा नाही. आपल्या घटनेच्या अनुच्छेद १८ ने राज्याला किताब द्यायला मनाई केली, पण लष्करी आणि विद्याविषयक सन्मान त्यातून वगळले. एवढ्या विचाराने राखून ठेवलेली जागा आहे ती. सैनिक नसलेल्या माणसाने सैनिक भासावं म्हणून वर्दी किंवा खूण मिरवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तू तर सैनिकच आहेस, तेव्हा तुझ्याकडून अपेक्षा त्याहून वरची.

आता आजोबांची पदकं. ती तुझ्या डाव्या छातीवर आली तर बघणारा काय वाचेल? हा माणूस एकाहत्तरला पूर्वेला लढला, असं. तुझा जन्मही तेव्हा झाला नव्हता. तुझं प्रेम मला कळतं, पण वर्दीला ते सांगता येत नाही, ती फक्त नोंद सांगते. म्हणून वर्दीवर नाहीत म्हणजे नाहीत, डावीकडेही नाहीत आणि उजवीकडेही नाहीत.

पण त्यांना पेटीबाहेर काढायचा रस्ता आहे. दिवंगत सैनिकाच्या जवळच्या वारसांना युद्धस्मारकावर आदरांजलीच्या कार्यक्रमात साध्या कपड्यांवर त्याची पदकं लावायची मुभा लष्कराने काही वर्षांपूर्वी दिली. मात्र ती उजव्या छातीवर लावायची, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की ही दुसऱ्याची कमाई आहे. आजी अजून हिंडती-फिरती आहे, तर हा मान पहिला तिचा. तिला विचार. तिला लुगड्यावर उजव्या बाजूला जड वाटतील, तर जाड कापडाच्या पट्टीवर नीट बसवून मागून दोन पिना लाव, म्हणजे लोंबणार नाहीत. कार्यक्रमाच्या आयोजकांना आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी कळवून ठेव.

जुन्या फिती विरल्या असतील. नव्या आणताना पूर्वी आणि पश्चिमी स्टारच्या फितींची अदलाबदल होऊ देऊ नकोस. दुकानात जाताना आजोबांची मूळ फीत बरोबर ने आणि रंगाला रंग लावून बघ. तुझी पट्टी शिवून झाली की एक फोटो पाठव, मी बघून लगेच कळवतो.

तुझा,
काका